कालमुरातचं रिकामं खोगीर

आमच्या गावात बंदूक बाळगणारे बरेच आहेत, पण कालमुरातदादाच्या नळीसमोर आलेला रानबोकड पुढं चालत गेला, असं कुणी बघितलेलं नाही. आणि तरीही आख्ख्या गावात शिकारीचं मांस सगळ्यात कमी शिजतं ते त्याच्याच घरात.

कारण एकच. शिरालगा.

शिकार घेऊन येणारा माणूस वाटेत दिसला की समोरच्यानं नुसतं “शिरालगा!” म्हणायचं. शिकाऱ्यानं घोड्यावरून उतरायचं आणि वाटा द्यायचा. नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की नेम चुकायला लागतो, डोंगर पाठ फिरवतो. हे आम्हा किरगिझांच्या रक्तातच आहे. पण बाकीचे शिकारी या रीतीतूनही वाट काढतात. मानेचा तुकडा वरच ठेवतात, तो देऊन पुढं सटकतात, नाहीतर सरळ अंधार पडल्यावर गावात शिरतात. कालमुरातदादा भर दुपारी येतो. मागितलं की उतरतो, गाठोडं सोडतो आणि वर विचारतो, “कुठला भाग आवडतो तुला?”

झूरावहिनी, म्हणजे त्याची बायको झूराकान, एकदा लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाली होती, “आमच्याकडं एकदा आली होती शिकार घरी. शिंगं. ती कुणी मागितली न्हाईत म्हणून.” ती शिंगं अजून तिच्या दारावर आहेत. त्यांवर तिनं रिकामं पातेलं अडकवलेलं असतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

दादा ते पातेलं रोज बघतो आणि हसतो. तरुणपणी तो सरकारी कळपाचे याक राखायचा. हिवाळ्याचे हिवाळे आक-सायच्या पठारावर एकटा. माणूस दिसायचा नाही, म्हणून माणूस दिसला की त्याला काहीतरी द्यावंसं वाटायचं. ती खोड तेव्हापासूनची, असं तो म्हणतो. वहिनीचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, देवानं या माणसाला हात दिले, मुठी द्यायच्या राहिल्या.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. त्या वर्षीच्या पानगळीत मात्र त्यांच्या सुनेला दिवस गेले.

पेरिझात तिचं नाव. पोरगी गोड, पण नशिबानं छळलेली. दोनदा कूस उजवता उजवता राहिली होती. दोन्ही वेळा तालुक्याच्या दवाखान्यात गेली आणि रिकामी परत आली. नवरा रशियात इमारतींच्या कामावर. रोज संध्याकाळी फोन करायचा. आता तिसऱ्यांदा आशा लागली, तर पोरीच्या पोटात काही ठरेना. चहाचा वास आला की उठून बाहेर पळायची. मेंढीचं मांस शिजायला लागलं की शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन बसायची. गालफडं बसली, बांगडी कोपरापर्यंत वर सरकायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाली, अंगात काहीतरी जाऊ द्या, नाहीतर दाखल करून घेते. दाखल म्हटल्यावर पेरिझात पांढरी पडली. त्या खाटेवर परत निजायचं नव्हतं तिला.

झूरावहिनी रोज विचारायची, “बाई गं, काय खावंसं वाटतंय? डोहाळे दाबू नयेत. बोल काहीतरी.”

सून लाजायची. शेवटी एक दिवस भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “रानबोकडाचं काळीज. निखाऱ्यावरचं. आमचे बाबा आणायचे.”

तिचे बाबा शिकारी होते. वारून बरीच वर्षं झाली होती.

वहिनी बाहेर आली, दारावरचं पातेलं उतरवलं आणि दादाला म्हणाली, “परवाना काढा.”

* * *

परवाना मिळाला तो आक-सायच्या वरच्या अंगाचा. म्हणजे घोड्यावरून जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. बोकड पडेल, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रश्न होता तो घरी कसा पोचेल.

मी त्यांचा शेजारी, तोलोमुश. माझा एक जुनाट ट्रक आहे. मेंढपाळांना वर गवत नि पीठ पोचवतो, येताना रिकामा येतो. वहिनीनं मला बोलावणं धाडलं. गेलो तर तिनं जेवणाचं कापड अंथरलेलं. मला वाटलं, जेवायला बोलावलंय. तर तिनं मधोमध एक कप पालथा घातला.

“ही खिंड,” ती म्हणाली. मग चमचा आडवा ठेवला. “ही नदी. हिकडं आपलं घर.” आणि थाळीतले बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, एकेक उचलून वाटेवर मांडायला लागली. “हे कारीपबेकचं. ही कुंपण राखणाऱ्यांची झोपडी. ह्यो पूल, इथं बातमा आजी. हे दुकान. ही शाळेजवळची घरं.”

“एवढी माणसं कुठं असतात त्या वाटेला?” दादा म्हणाला.

“तुम्ही येणार असला की असतात. एरवी कुत्रं न्हाई दिसत.”

दादानं मान डोलवली आणि विचार करता करता समोरचा एक बोरसोक उचलून तोंडात टाकला.

“कारीपबेकचं घर खाल्लंत तुम्ही!” वहिनी ओरडली.

“बरं झालं,” मी म्हटलं. “एक मागणारा कमी झाला.”

“तू दात काढू नकोस, तोलोमुश. नीट ऐक.” तिनं त्या जागी दुसरा बोरसोक ठेवला. “ह्यांना न्हाई म्हणता येत न्हाई. मरेपर्यंत येणार न्हाई. तवा मागणाऱ्याला काही दिसताच कामा नये. मांस खोगिरावर न्हाई, तुझ्या ट्रकात. तू मोठ्या रस्त्यानं ये, हे घोडवाटेनं रिकामे येतील. ट्रकवाल्याला कोण शिरालगा मागतं?”

“ट्रकवाल्याला लोक फक्त म्हणतात, मला पुढच्या गावापर्यंत सोड.”

“मग झालं तर.”

दादाला हा बेत आवडला नव्हता, हे दिसत होतं. बोटानं कापडावरचं पीठ टिपत बसला होता. पण आतल्या खोलीत पेरिझातला पुन्हा उलटीची उबळ आली, भांडं सरकल्याचा आवाज आला, आणि तो सरळ होऊन बसला.

“ऐक,” तो मला म्हणाला. आता बोलत होता तो शिकारी. “मी खाली यीन ते मांस रात्रभर टांगून गार केल्यावरच. ऊनऊन मांस कातड्यात बांधलं की आंबतं. सांध्यासांध्यातून सोडवून आणीन, हाड फोडणार न्हाई, म्हणजे चुरा होत न्हाई. तू जुन्या मेंढवाड्यापाशी थांब. खाली कोरडं गवत पसर. प्लास्टिक घालू नकोस, घाम धरतं. डिझेलचा डबा कुठं असतो तुझा?”

“मागं.”

“पुढं घे.”

“पुढं जागा कुठाय?”

“मांडीवर घे,” वहिनी म्हणाली.

* * *

मेंढवाड्यापाशी मी सकाळपासून थांबलो होतो. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. नदीच्या कडेला बर्फाची काच धरलेली. दुपारच्या आधी दादा वळणावर दिसला. घोड्यावर बसलेला नव्हता, लगाम धरून चालत होता, आणि खोगिराच्या दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची गाठोडी. बोकड कोवळा होता, माजावर यायच्या आधीचा. मांसाला उग्र वास नव्हता. दादाच्या बाह्या कोपरापर्यंत रक्तानं कडक झालेल्या.

आम्ही गाठोडी वर चढवली. मी गवत पसरलं होतं, डबाही पुढं घेतला होता. तरी दादा फळीवर चढला, वाकला आणि ट्रकच्या तळाला नाक लावून वास घेतला. एकदा. मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन परत एकदा. खाली उतरून घोड्याच्या आडोशाला गेला, थोडा वेळ काहीतरी खुडबुडला, आणि “नीघ तू” म्हणाला.

मी निघालो. मोठ्या रस्त्यावर दोघांनी हात केला, दोघांनाही पुढच्या गावापर्यंत सोडलं. मांडीवर डिझेलचा डबा का, असं मात्र दोघांनीही विचारलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. वहिनी अंगणातच उभी होती. कोठीत नेऊन गाठोडी उघडली. फरे, मान, फासळ्या, गुर्दे. सगळं कोरडं, स्वच्छ, थंड. एवढं मांस त्या घरात पहिल्यांदाच आलं असेल. वहिनीनं एका फऱ्यावर हात फिरवला, जसा पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा. मग दुसरं गाठोडं पुन्हा उचकटलं. पहिलंही पुन्हा उचकटलं.

“काळीज कुठाय?”

मी गवत उपसलं. ट्रकात चढून बघितलं. नव्हतं.

“खाल्लं,” वहिनी हळूच म्हणाली. “पहिल्या रात्री काळीज खातात शिकारी. आज्या-पणज्यापासून खातात. हाताला सवय झालेली असती. आगीवर टाकलं असंल, खाल्लं असंल, आणि मग आठवलं असंल.”

“दादा तसं करायचा न्हाई, वहिनी.”

“करायचं म्हणून कोण करतंय?”

मागं आवाज झाला म्हणून वळलो. पेरिझात दारात उभी होती, खांद्यावर शाल घेऊन. सगळं ऐकलं होतं तिनं. “राहू द्या, आई,” म्हणाली आणि आत गेली. तिच्या चालण्यावरून मला वाटलं, ही आता उद्या दवाखान्याची पिशवी भरायला घेणार.

वहिनी उंबऱ्यावर बसली. मांसाकडं पाठ करून.

* * *

डोंगराची सावली अंगणाच्या मध्यापर्यंत आली तेव्हा घोडा दिसला. सावकाश येत होता. आणि त्यावर दोन माणसं होती.

“आता कुणाला उचलून आणलं ह्या माणसानं?” वहिनी उठली.

मागं बसली होती बातमा आजी. पुलापाशी एकटी राहते ती. ऐंशीची असेल, पण खोगिरामागं अशी ताठ बसली होती की जणू घोडा तिचा आणि दादा तिनं वाटेत घेतलेला. मांडीवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी धरलं होतं.

“उतरव मला,” ती म्हणाली. “नीट. मी सांडले तरी चालंल, हे सांडू नगंस.”

वाटेत काय झालं, ते मग चुलीपाशी बसून आजीनं सांगितलं. मधूनमधून दादा भर घालत होता, पण आजी त्याला पुरतं बोलू देत नव्हती.

झालं होतं असं. ट्रकच्या तळाला जुन्या डिझेलचा वास होता. गवताखालूनही दादाच्या नाकाला तो लागला. काळीज सगळ्यात आधी वास धरतं, आणि जिला चहाचा वास सोसत नाही, तिच्या तोंडाशी डिझेल कसं न्यायचं? म्हणून त्यानं काळीज कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घातलं, भोवती बर्फ ठासला, आणि डबा कोटाच्या आत छातीशी बांधला. बाकी वहिनीच्या बेताबरहुकूम रिकाम्या खोगिरानं निघाला.

खिंड उतरल्यावर पहिलाच कारीपबेक. दगडावर बसलेला.

“दादा, सकाळधरनं बसलोय. बूड गारठलं. झाली का शिकार?”

खोटं बोलणं दादाला कधी जमलं नाही. “झाली.”

“मग कुठाय?”

“घरी गेली.”

“तुझ्या आधी? तिला काय पाय फुटले?”

“चाकं.”

कारीपबेक हसला, उठला आणि म्हणाला, “शिरालगा!”

दादापाशी द्यायला काही नव्हतं. पण नाही म्हणता येत नव्हतं. म्हणाला, “मागचा उजवा पाय तुझा. उद्या घरनं घेऊन जा.” पुढं कुंपणवाले दोघं भेटले. त्यांना पुढचे दोन्ही फरे कबूल केले. नंतर एक गुराखी, त्याला मागचा डावा. हातात मांस असतं तर माणूस निदान किती उरलं ते बघतो. तोंडानं वाटताना तेही भान राहत नाही. पुलापाशी येईतो घरातल्या कोठीतला बोकड जवळजवळ सगळा वाटून झाला होता.

पुलावर बातमा आजी पाणी भरत होती. तिनं वर बघितलं. “शिरालगा, पोरा.”

“मावशी, मान देतो. फासळ्या देतो. उद्या घरपोच आणतो.”

“माझं उद्याचं काय खरं न्हाई. आज काय हाय? छातीशी काय फुगलंय?”

मग त्यानं सांगितलं. सुनेचं, डोहाळ्यांचं, डॉक्टरीणबाईचं, सगळं. आजीनं बादली खाली ठेवली.

“कितवा महिना?”

“तिसरा.”

“पाणी तरी ठरतंय?”

“घोट-दोन घोट.”

“पुढं दुकान हाय. शाळेपाशी चार घरं हायत. आज सगळी बाहेर बसलीयत, मी बघून आले. त्यातल्या एकाला तरी न्हाई म्हणशील?”

दादा खोगिराकडं बघत राहिला.

“तुझा कोट उघडायला सांगितला, तर उघडशील का न्हाई?”

“उघडीन,” तो म्हणाला.

“मग दे हिकडं.”

आजी म्हणाली, या माणसाला कोटाची बटणं सोडायला इतका वेळ लागला की मला वाटलं, बटणं गोठलीत. त्यानं डबा काढला, तिच्या हातात दिला, आणि तोंड फिरवून नदीकडं बघायला लागला. आपण घरी काय सांगायचं, याचा विचार करत असणार.

आजीनं झाकण उघडून बघितलं. बंद केलं. शालीत गुंडाळलं.

“आता हे कुणाचं?” तिनं विचारलं.

“तुमचं, मावशी.”

“मोठ्यानं बोल. पल्याड ऐकू जाऊ दे.”

“तुमचं!”

“मग आता मला घोड्यावर घे. माझा वाटा घेऊन मी तुझ्या घरी पाहुणी येतीय.”

तेव्हा कुठं दादाच्या डोक्यात उजेड पडला. शिरालगा मागायची ती शिकाऱ्याकडं. ज्याला शिरालगा मिळाली, त्याच्याकडं कुणी मागत नाही. तशी रीतच नाही. इतकी वर्षं दादा देत आला, पण दिलेला वाटा पुढं किती निर्धास्त जातो, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. कारण तो नेहमी देणाऱ्याच्या बाजूला.

दुकानापाशी माणसं उभीच होती. “शिरालगा!” दादानं दोन्ही हात रिकामे दाखवले.

“आणि आजीच्या मांडीवर काय हाय?”

“माझी शिरालगा,” आजी वरून म्हणाली. “मला पुलावर मिळाली. माझ्याकडं मागणारा अजून आईच्या पोटातनं यायचाय. जाऊ द्या घोडा.”

शाळेपाशीही असंच. लोक हसत बाजूला झाले. एकानं तर आजीचा सुटलेला जोडा उचलून तिच्या पायात घातला.

* * *

वहिनी हे ऐकताना एकदाही हसली नाही. डोळे पुसत होती, पण धूर लागल्यासारखं करून.

आजीनं चूल ताब्यात घेतली. भांडं नको म्हणाली, तेल नको. निखारे पसरले, काळजाचे पातळ काप केले, एकेक सळईला लावले. मीठ नंतर. खोलीत वास सुटला तसे आम्ही सगळे पेरिझातच्या दाराकडं न बघता त्या दाराकडंच कान लावून बसलो.

दार उघडलं. ती आली, भिंतीला धरून. आजीपाशी बसली.

“कुणाची गं तू?” आजीनं विचारलं. पेरिझातनं बाबांचं नाव सांगितलं.

“त्याच्याकडनं पण घेतलीय म्या शिरालगा,” आजी म्हणाली. “खा. ही त्याचीच परतफेड समज.”

पेरिझातनं पहिला काप खाल्ला आणि थांबली. हात पोटावर ठेवला. वहिनीनं नकळत भांडं जवळ ओढलं होतं. आम्ही थांबलो. निखारा फुटल्याचा आवाज झाला. पेरिझातनं दुसरा काप उचलला. मग तिसरा. आजीनं मीठ पुढं केलं.

ते काप संपेतो कुणी चहासुद्धा प्यालं नाही. मग पेरिझात मागं टेकली आणि डोळे मिटून बसली. तोंडावर जरा रंग आला होता. उठून बाहेर गेली नाही.

तेव्हा वहिनीला बाकीचं आठवलं.

“बरं,” ती दादाकडं वळली. “वाटेत तोंडानं काय काय वाटलंत? मांडा इथं.” तिनं कापड पुढं ओढलं, बोरसोकची थाळी आदळली. “मला उद्या माणसं दारात यायच्या आधी कळू दे.”

दादानं कप पालथा घातला. चमचा ठेवला. “हा कारीपबेक,” म्हणत एक बोरसोक मांडला. “मागचा उजवा.”

“पाय दिला त्याला? दगडावर बसल्याची मजुरी?”

“ही कुंपणवाली. दोघं हायत, म्हणून दोन्ही फरे.”

“अजून?”

दादा पुढचा बोरसोक ठेवायला गेला, तर कारीपबेकचं घर जागेवर नव्हतं. सगळ्यांनी बघितलं. पेरिझात चावत होती.

“चांगले लागतायत,” ती म्हणाली, आणि कुंपणवाल्यांच्या झोपडीला हात घातला.

दादानं गुराखी मांडला, तो गेला. पूल मांडला, तोही गेला. मी म्हटलं, “वहिनी, उद्या मागायला कोण येणार? गावच उरलं न्हाई.”

“गप बस रे,” ती म्हणाली, आणि थाळीतून आणखी घरं काढून सुनेच्या हाताला लागतील अशी खिंडीच्या अलीकडं मांडायला लागली.